आज रोख, उद्या जोई

काही माणसं अशी असतात ना, की वाण्याच्या दुकानात 'आज रोख उद्या उधार' अशी पाटी लटकत असली तरी बरोबर त्या पाटीखालीच उभं राहून, वाण्याशी दोन गोष्टी हसून बोलून, अर्धा किलो साखर आणि वर एक सिगरेटचं पाकीट उधारीवर घेऊन जातात. आणि वाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघतो, पैशांसाठी नाही तर गप्पांसाठी. मला अशा माणसांचा भयंकर राग येतो, म्हणजे ती समोर नसताना येतो. समोर आली की मीच चहा टाकते.

'पॅल जोई' लावला की माझं नेमकं हेच होतं. १९५७ चा हॉलिवूडचा सिनेमा, कोलंबिया स्टुडिओचा, दिग्दर्शक जॉर्ज सिडनी, आणि नाइटक्लबात गाणाऱ्या जोई इव्हान्सच्या रोलमध्ये फ्रँक सिनात्रा. एंट्रीच बघा ह्या हिरोची, पोलीस त्याला गावाबाहेर काढतायत, रेल्वेत बसवून देतायत, कारण काय तर मेयरच्या मुलीची भानगड. आपल्याकडे हिरोची एंट्री अशी झाली असती तर इंटरव्हलपर्यंत आईच्या पायावर डोकं ठेवून रडला असता. हा पठ्ठ्या सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो तेव्हा खिशात दमडी नाही पण हॅट मात्र अशी तिरकी की वाटावं अर्धं शहर ह्याच्याच मालकीचं आहे. बार्बरी कोस्ट नावाच्या एका सुमार क्लबात शिरतो, फारसं कुणी बोलावलेलं नसताना स्टेजवर चढतो, गातो, आणि नोकरी मिळवून मोकळा होतो. हे बघताना मला अजिबात खोटं वाटत नाही. अशी माणसं नोकरीचा अर्ज वगैरे करतच नाहीत.

मग येते व्हेरा, म्हणजे रिटा हेवर्थ. नॉब हिलवर बंगला, श्रीमंत विधवा, चॅरिटीच्या पार्ट्या देणारी बाई. पण फार पूर्वी ती स्टेजवर कपडे उतरवण्याचे शो करायची आणि जोईने तिला तेव्हा बघितलेलं असतं. तर हा माणूस काय करतो, भर पार्टीत, सगळ्या प्रतिष्ठित मंडळींसमोर, चॅरिटीच्या लिलावात तिचं ते जुनं कौशल्य लिलावाला लावतो. नीचपणा आहे हो हा! दुसरा शब्द नाही. ती बिचारी मान ताठ ठेवून गाणं करते, हातमोजासुद्धा अशा तोऱ्यात उतरवते की पार्टीतल्या बायकांनी काही शिकावं. आणि एवढं सगळं होऊनही पुढे हीच बाई ह्याच माणसाला स्वतःचा क्लब काढायला पैसे देते, 'शे जोई' नाव त्याचं, फ्रेंच स्टाइलमध्ये.

का देते? तर एका गाण्यामुळे. क्लब रिकामा आहे, ती रागावून बसलेली आहे, आणि हा पियानोवर 'द लेडी इज अ ट्रॅम्प' सुरू करतो. सुरुवात इतकी हळू की जणू सहज आठवलं म्हणून गुणगुणतोय, मग उठतो, मग बँड चढतो, नेल्सन रिडलची अरेंजमेंट आहे ती, ब्रास असा मागून येतो की आपण खुर्चीतल्या खुर्चीत हलायला लागतो. पण मी सांगते, सिनात्राकडे बघू नका, तो गाणारच आहे चांगलं, तो सिनात्रा आहे. रिटाच्या चेहऱ्याकडे बघा. आधी कपाळावर आठी, मग ओठांचा कोपरा हलतो, ती दाबते, परत हलतो, आणि शेवटी ती हसतेच. उधारी मंजूर झाली तो हा क्षण. पैशांचा चेक नंतर फाटतो, पण वहीत नाव इथे चढलं.

आता गंमत अशी, की ते गाणं मुळात ह्या गोष्टीतलं नाहीच. रॉजर्स आणि हार्ट ह्या संगीतकार-गीतकार जोडीने ते १९३७ च्या 'बेब्ज इन आर्म्स' नावाच्या दुसऱ्याच नाटकासाठी केलं होतं. 'माय फनी व्हॅलेंटाइन' पण तिथलंच. 'देअर्ज अ स्मॉल हॉटेल' तिसऱ्या नाटकातलं. म्हणजे मूळ 'पॅल जोई' नाटकातली बरीच गाणी बाजूला ठेवली आणि त्याच जोडीच्या इतर नाटकांतली हिट गाणी आणून बसवली. बरं, आवाज? रिटाच्या गाण्यांना आवाज जो अ‍ॅन ग्रीअरचा, किम नोव्हाकच्या गाण्यांनाही आवाज किमचा स्वतःचा नाही. सगळा सिनेमाच उसनवारीवर उभा आहे. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा, आपण प्लेबॅकवरच वाढलो, पण हॉलिवूडमध्ये ही गोष्ट झाकून ठेवायची असायची. आणि आपण तरी कुठे फार पुढे होतो, 'महल' १९४९ चा, त्यातल्या 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी कामिनी म्हणून सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं.

किम नोव्हाक म्हणजे लिंडा, कोरसमधली साधी सज्जन मुलगी. जोईच्या शेजारच्या खोलीत राहते, दोघांत बाथरूम एक. आणि इथे मला त्या सिनेमाचा खरा राग येतो. कास्टिंगचं गणित बघा. शूटिंगच्या वेळी सिनात्रा ४१ वर्षांचा, रिटा ३८, किम २४. गोष्टीत रिटाला 'वयस्कर' बाई म्हणून उभं केलंय, जिने ह्या 'तरुण' पोराला पैशाने बांधून ठेवलंय! हिरोपेक्षा तीन वर्षांनी लहान असलेली बाई वयस्कर. रिटाच्या गाजलेल्या 'गिल्डा' सिनेमाला जेमतेम अकरा वर्षं झाली होती, अख्ख्या जगाने तेव्हा हिचे फोटो भिंतीवर लावले होते. कोलंबियाचा मालक हॅरी कोन, त्याला रिटा आता जुनी झाली होती आणि तिच्या जागी किमला बसवायचं होतं, आणि दोघींना एकाच सिनेमात समोरासमोर आणून त्याने ते जाहीरच करून टाकलं जणू. कोलंबियाच्या करारातला रिटाचा हा शेवटचा सिनेमा. आणि पोस्टरवर पहिलं नाव मात्र तिचं आहे, सिनात्राच्याही आधी, सिनात्राने स्वतःच ते मान्य केलं होतं. हे बघा, परत. त्या माणसाने एक चांगली गोष्ट केली की आपण लगेच विरघळतो.

आमच्या नात्यात एक मामा होते, सख्खे नाहीत, पण सगळ्यांचे मामा. लग्नात, मुंजीत, बारशात, पेटी दिसली की बसायचे. सी. रामचंद्रांची गाणी तर अशी म्हणायचे की जेवणाच्या पंगती थांबायच्या. आम्हा पोरांना वाटायचं असा मामा जगात नाही. खूप मोठी झाल्यावर कळलं की मामी शिकवण्या घ्यायच्या, पापड लाटून विकायच्या, आणि मामांनी कुणाकुणाकडून घेतलेले पैसे महिन्याच्या महिन्याला गुपचूप फेडायच्या. मामा गाताना मामी कधीच समोर बसलेल्या आठवत नाहीत, त्या कायम आत असायच्या. जोईसारख्या माणसाची उधारी माफ होत नाही हो, ती फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढते.

सी. रामचंद्रांवरून आठवलं, जोईच्या क्लबातलं जे म्युझिक आहे ना, तो स्विंग, ती ट्रम्पेट, ते मुंबईला काही परकं नव्हतं. ताजमध्ये गोव्याचे वादक वाजवायचे, चिक चॉकलेट म्हणजे आंतोनिओ झेवियर वाझ, त्यांना तर लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला, क्लब आणि हॉटेलांचं रात्रीचं गिऱ्हाईक आटलं, आणि ह्या लोकांची कला सिनेमाच्या स्टुडिओत आली. भगवानदादांच्या 'अलबेला'त, १९५१ ला, चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतात. म्हणजे जोई सॅन फ्रान्सिस्कोत क्लब काढायला निघाला त्या वर्षी आपल्याकडे क्लब फक्त सेटवर उरले होते, आणि तिथेही हिरो गायला गेला तर बहिणीच्या लग्नासाठी नाहीतर आईच्या ऑपरेशनसाठी. नुसतं मजा म्हणून, पैसा म्हणून, बायका भाळतात म्हणून गाणारा हिरो आपल्याला परवडला नाही. परवडला असता का नसता माहीत नाही, पण हॉलिवूडला तरी कुठे परवडला?

कारण मूळचा जोई ह्याहून फार वाईट आहे. जॉन ओहारा नावाच्या लेखकाने १९३८ पासून 'न्यू यॉर्कर'मध्ये त्याच्या गोष्टी लिहिल्या, पत्रांच्या रूपात, जोई आपल्या टेड नावाच्या मित्राला पत्र लिहितो, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि प्रत्येक पत्रात स्वतःला हुशार समजत स्वतःचीच लाज काढत जातो. त्याचं नाटक १९४० च्या नाताळच्या दिवशी ब्रॉडवेवर आलं, जोई होता जीन केली, तेव्हा तो स्टार व्हायचाच होता. त्या नाटकात व्हेरा विधवा नाही, तिचा नवरा चांगला धडधाकट आहे. आणि शेवटी जोईला कुणीच मिळत नाही. व्हेरा कंटाळून त्याला सोडते, लिंडालाही आता तो नको असतो, हा एकटा निघून जातो, पुढच्या गिऱ्हाइकाच्या शोधात. सुधारत बिधारत नाही.

सिनेमात हे चाललं नाही. सेन्सॉर होता, शिवाय सिनात्राला असं कोण टाकून देणार. त्यामुळे व्हेराला विधवा केलं, तिच्या 'बिविच्ड' गाण्यातले खट्याळ शब्द पुसून काढले (तरी ते गाणं बघाच, आदल्या रात्रीच्या आठवणीत रमलेली बाई सकाळी उठते आणि तिला हा माणूस काय लायकीचा आहे ते पक्कं माहीत असतं, हिशोब शून्य आहे हे माहीत असतं, आणि ती तरी खुश असते), आणि शेवटी जोईला पश्चात्तापाचा एक डोस पाजला. व्हेरा मत्सराने लिंडाला काढायला सांगते, हा लिंडाने स्वतःच सोडून जावं म्हणून तिला कपडे उतरवण्याचा आयटम देतो, ती तयार होते तर ह्यालाच बघवत नाही आणि तो मध्येच थांबवतो. झालं, एवढ्यावर माणूस सुधारला. व्हेरा क्लबला टाळं लावते आणि लिंडा त्याच्याबरोबर निघते, गोल्डन गेटच्या दिशेने, सोबत कुत्रं. मला विचाराल तर व्हेरा सुटली. दागिने, बंगला, बोट सगळं जागच्या जागी, बुडाले ते क्लबचे पैसे. लिंडाचं मात्र मला अवघड दिसतं, पुढच्या गावात घरभाडं कोण भरणार आहे हे मी आत्ताच सांगू शकते.

नाटक पहिल्यांदा आलं तेव्हा 'न्यू यॉर्क टाइम्स'चा नामांकित समीक्षक ब्रुक्स अ‍ॅटकिन्सन वैतागला होता, घाण विहिरीतून गोड पाणी कसं काढणार असा त्याचा सवाल होता. लॉरेन्झ हार्टला, म्हणजे शब्द लिहिणाऱ्याला, ते फार लागलं म्हणतात. त्यात भर म्हणजे १९४१ मध्ये संगीतकारांची संघटना आणि रेडिओवाले ह्यांचं भांडण पेटलं आणि ही गाणी कित्येक महिने रेडिओवर वाजेनात. 'बिविच्ड' लोकांच्या तोंडी बसायला १९५० उजाडलं. मग १९५२ ला नाटक परत आलं, तोच नालायक जोई, तोच शेवट, आणि ह्या खेपेला ५४० प्रयोग झाले, पहिल्या वेळेला ३७४ झाले होते. हार्ट १९४३ लाच गेला होता, ४८ व्या वर्षी, त्यामुळे त्याने ना हे बघितलं ना सिनात्राला बघितलं. अ‍ॅटकिन्सन परत गेला, परत बघितलं, आणि ह्या वेळी चक्क कौतुक केलं. अकरा वर्षं लागली त्याला. व्हेराला एक गाणं पुरलं होतं.