गाळपेरीवरची पार्किंग

मी ऑडिटवाला माणूस. सोलापुरात बसतो, गावोगावच्या ग्रामपंचायतींचं दप्तर तपासतो आणि आक्षेप लिहितो. टीसीएल पावडरचा (पाणी शुद्ध करायची) साठा लिहिला नाही, बल्ब घेताना तीन कोटेशन नाहीत, असलं काय काय. सांगण्यासारखं त्यात काही नसतं, घरी बायकोसुद्धा ऐकत नाही. पण मागच्या जानेवारीतला एक दिवस डोक्यातनं जाईना म्हणून टाइप करतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव करमाळा तालुक्यातलं, उजनी धरणाच्या अगदी काठावर. नाव सांगत नाही. सकाळी सोलापुरातनं वॅगनार काढली, टेंभुर्णीला चहा मारला आणि अकराच्या आत पोचलो. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, पण गावात कोण म्हणतंय) दप्तर मांडूनच ठेवलं होतं, बसायला जाडजूड सतरंजी, शेजारी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा. इतकी तयारी दिसली की आमच्यासारख्याला आधी संशयच येतो.

तर त्या दप्तरात नमुना 7 ची, म्हणजे सामान्य पावतीची, 11 पुस्तकं निघाली. सगळ्यांवर एकच मजकूर, वाहनतळ फी, दुचाकी 20 रुपये, चारचाकी 50. मी एकेक पावती कॅशबुकाला लावत गेलो, कॅशबुक बँक पासबुकाला लावलं. आज जमा झालेले पैसे उद्या बँकेत, कुठं एक रुपया इकडंतिकडं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी जमीन आहे पण पैसे नाहीत अशी प्रकरणं ढिगानं बघितलीत. इथं उलटं होतं, पैसे होते, जमीन नव्हती. नमुना 24, म्हणजे ग्रामपंचायतीच्या जमिनीची नोंदवही उघडली तर त्यात शाळेची जागा, स्मशानभूमी, चावडी, झालं, संपलं. वाहनतळ कुठाय?

भाऊसाहेब म्हणाले, "सायेब ती जागा पाण्यात असती."

म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं, भीमेवर. एकूण साठा 117 टीएमसीच्या आसपास, त्यातलं निम्म्यापेक्षा जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, हिशोबात न धरलेलं पाणी. उन्हाळ्यात तेही वापरावं लागतं, म्हणून आमच्याकडं धरण मायनसमध्ये जातं. बाकीच्या जिल्ह्यांना हे ऐकून हसू येतं, पण सोलापूरकर रोज सकाळी पेपरात आधी हाच आकडा बघतो, कारण नळाला रोज पाणी येत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात तर मायनस 50 च्याही खाली गेलं होतं. तर पाणी हटलं की काठाची जमीन उघडी पडते, काळीभोर गाळाची, तिला गाळपेर म्हणतात. मालकी शासनाची, ताबा धरणवाल्यांचा, आणि वर्षावर्षाच्या भाड्यानं ती कसायला देतात, त्यात धरणग्रस्तांचा नंबर आधी. 2018-19 च्या दुष्काळात चाऱ्यासाठी नाममात्र 1 रुपया भाड्यानं दिली होती.

या गावानं गाळपेरीचाच एक तुकडा साफ करून दोरी बांधली आणि गाड्या लावायला सुरुवात केली. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, त्यांच्यामागं पुण्याची माणसं येतात, चिलापी मासा फ्राय करून खातात, होडीतनं फिरतात आणि पत्रावळ्या-बाटल्या टाकून जातात. (पलीकडं भिगवणला हे कधीपासनं चालू आहे, आमच्या बाजूला आत्ता आत्ता कळायला लागलंय.)

मी पेन उघडतोय तोवर बाहेर जीप थांबली. धरणाचे शाखा अभियंता आले होते, तरुण पोरगा, हातात पत्र. ग्रामपंचायतीनं अनधिकृत वसुली तात्काळ बंद करावी आणि आजवर जमा केलेली रक्कम भरावी. ऑडिट चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं, मला बघून जरा गडबडले, मग बसले. बोलले नीट. पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावर पाणी पोचतं ती रेषा, 496.83 मीटर, त्या रेषेच्या आतली इंच न् इंच संपादित झालेली आहे, दगड रोवलेले आहेत, उद्या कुणी बुडालं तर चौकशी माझीच होणार, असं सगळं. आणि ते खरंच होतं. 2024 च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी होडी उलटून 6 जण गेले, ती जागा तिथनं काही लांब नाही, त्या विषयावर त्या खोलीत कुणालाच चढ्या आवाजात बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात सरपंच बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात मोबाईल, शेतातनं थेट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इंच न् इंच तुमची ना सायेब? मग तिथल्या बाटल्या बी तुमच्याच. टेंपो आणा आन् घिऊन जावा."

मी हसू दाबलं. पण त्यांनी लगेच खर्चाची फाइल काढली, दोन पोरं सफाईला, चार संडास, सोलर दिवे, आणि कुगावच्या घटनेनंतर घेतलेली लाइफ जॅकेटं. सगळ्याची व्हाउचरं. सगळं त्या पन्नास-पन्नास रुपयांतनं.

कोपऱ्यात एक म्हातारबाबा बसले होते, मला वाटलं दाखल्यासाठी आलेत. ते एकदम म्हणाले, "माजी 14 एकर हाय तिथं खाली. मोबदला काय दिला ते इचारू नगा, हसचाल." आणि परत गप्प. अभियंता साहेबांनी मान खाली घातली, त्या पोराचा त्यात काय दोष, तो जन्मला पण नव्हता.

आता माझं सांगतो. सोलापूरला यायच्या आधी तीन वर्षं मी कोकणात होतो, किनारपट्टीच्या पंचायती माझ्याकडं होत्या. तिथं हेच होतं, फक्त पाणी खारं. जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 20 आहे, भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ, नद्या, तलाव, जे कुणा खाजगी माणसाच्या मालकीचं नाही ते सगळं शासनाचं. वरनं सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकाम-वापराचे निर्बंध, 1991 ची अधिसूचना, मग 2011, मग 2019. जेट्टी आणि वॉटर स्पोर्ट म्हटलं की मेरीटाइम बोर्ड. 2020 ला 8 किनाऱ्यांवर शॅकचं (खाण्यापिण्याच्या झोपड्यांचं) धोरण आलं, त्यात स्थानिकांना प्राधान्य लिहिलं, चांगलं झालं, पण किनारा रोज झाडायचा कुणी, तर ग्रामपंचायतीनं. कचरा तेवढा निर्विवादपणे गावाच्या मालकीचा! तिथं जमीन दिवसातनं दोनदा येते-जाते, इथं वर्षातनं एकदा, एवढाच फरक.

तिथल्या एका पंचायतीनं किनाऱ्यावर येणाऱ्या गाड्यांना स्वच्छता फी लावली होती, 10 रुपये की 20, आठवत नाही. मी नवीन, कडक. कलम 20 टाकून झणझणीत पॅरा, म्हणजे आक्षेप, लिहिला, सदर जागा शासनाची असल्याने फी आकारणीचा अधिकार दिसून येत नाही, वगैरे. कायद्यानं बरोबरच होतं, वरिष्ठांनी कौतुक पण केलं. पुढच्या वर्षी गेलो तर फी बंद, झाडणाऱ्या दोन बाया कमी केलेल्या, आणि किनाऱ्यावर चालताना खाली बघूनच चालावं लागत होतं. दप्तर मात्र एकदम क्लीन. त्या वर्षी माझ्याकडं लिहायला एक पण आक्षेप नव्हता. हे मी तिकडच्या ऑफिसात कधी कुणाला बोललो नाही.

तर त्या दिवशी त्या सतरंजीवर बसून मला ते आठवत होतं आणि तीन माणसं माझ्याकडं बघत होती की हा आता काय लिहितोय.

ऑडिटरला जमीन देता येत नाही आणि कायदा वाकवता पण येत नाही. मी म्हटलं बाबांनो, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये गाडीतळाची फी आहे. त्या काळातलं कलम, त्यात टांग्याचा अड्डा पण आहे, फ्लेमिंगो बघायला येणारी इनोव्हा कुणाच्या डोक्यात असणार. पण फी लावायची तर जागा हातात पाहिजे. ग्रामसभेचा ठराव करा आणि धरणवाल्यांकडं वर्षाच्या भाड्यानं जागा मागा, गाळपेर देतात तशी. अभियंता म्हणाले गाळपेर पिकासाठी असते सर, पार्किंगसाठी नाही. त्यावर दारात उभं असलेलं पावती फाडणारं पोरगं म्हणालं, "मग चाऱ्याचं कडवळ पेरतो की, त्याच्यावर गाड्या लावू."

सगळे हसले, अभियंता पण. पत्र त्यांनी मागं घेतलं नाही, आवक नोंदवहीत नोंद करून पोच घेतली. मात्र ठराव आला तर स्वतःच्या शेऱ्यासह वर पाठवतो म्हणाले. सरपंच बाई म्हणाल्या, "वर म्हंजी किती वर?" याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

चारच्या सुमाराला काठावर गेलो. रेषेच्या वरच्या अंगाला रानं विकत घेऊन बाहेरच्या कुणीतरी मोठं रिसॉर्ट बांधलंय, काचा, दिवे, एका रात्रीचं भाडं ऐकून मी गप्प बसलो. त्याची घरपट्टी भरलेली, नमुना 8 ला नोंद, आक्षेपाला जागा नाही. त्याचे पाहुणे खाली उतरतात ते याच गाळपेरीवर, फोटो काढतात ते याच काठाचे, आणि त्या काठाच्या कमाईतनं गावाला मिळते ती फक्त घरपट्टी. बरं ते कायदेशीर, आणि दोरी बांधून पन्नास रुपये घेणारं पोरगं बेकायदेशीर. मला पण हे लिहिता येत नाही कुठल्या रकान्यात.

म्हातारबाबा बरोबर आले होते. पाण्यातनं जरा वर आलेली एक गोल दगडी कड दाखवली, विहिरीची. "पाणी अजून मागं गेलं की मोट वडायची जागा दिसती." एवढंच बोलले.

शेवटी पॅरा लिहिला. जागेच्या हक्काचा अथवा परवानगीचा पुरावा सादर केला नाही, खुलासा मागविण्यात यावा. 'वसूल करावे' असं लिहिलं नाही. त्यावरनं नंतर ऑफिसात थोडं ऐकून घ्यावं लागलं, मवाळ पॅरा म्हणून.

निघताना दोरीपाशी दुसरंच पोरगं होतं, मला ओळखत नव्हतं. गाडी अडवली, पन्नास रुपये घेतले, पावती फाडली. मी म्हटलं राहू दे की पावती.

"न्हाय सायेब, घ्यावीच लागती. आज ऑडिटवालं आलंय गावात."

पावती अजून गाडीच्या कप्प्यात आहे. प्रवास भत्त्याच्या बिलाला काही जोडली नाही.