रिले खरं बोलत होता

आज नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यात सकाळपासून एकच फीडर (वीज पोचवणारी मुख्य लाइन). रात्रभर पाऊस झाला आणि गळती ओळखणाऱ्या रिलेने एसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) अर्थ फॉल्टवर, म्हणजे करंट जमिनीत जातोय म्हणून, ट्रिप केला. रिसेट केला, दोन मिनिटांत पुन्हा तेच. प्रॉडक्शनवाल्यांचे फोनवर फोन. एक जण म्हणाला, "भाऊ, रिलेची सेटिंग वाढवून द्या ना, संध्याकाळी पाहू." मी साफ नाही म्हटलं. रिलेला गप्प केलं की पुढे शॉक माणसाला बसतो.

सप्लाय बंद, ब्रेकरला कुलूप, तिन्ही फेज टेस्टरने तपासले. केबल दोन्ही टोकांना सोडवून १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला. आर आणि वाय २०० मेगाओहमच्या वर, बी फेज ते अर्थ जेमतेम ०.२! म्हणजे बी फेजचं इन्सुलेशन गेलेलं; मोटर नाही, दोष केबलमध्येच. ट्रेंचची झाकणं उचलत गेलो, तर शेडच्या मागे जुना जॉइंट पाण्यात बुडालेला. कापला तर आत गंजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी.

ट्रेंच उपसला, नवा जॉइंट केला, पुन्हा मेगर. साडेचारला मशीन सुरू झाल्या. सोबतचा नवा पोरगा मेगरनंतर केबल अर्थ करून तिच्यात साठलेला चार्ज काढायला स्वतःहून धावला. मला आज सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.