थंडीतलं रेशन आणि न उठणारा अंगठा

रेशनच्या ई-केवायसीची, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारशी ओळख पटवायची मुदत ज्यानं ठरवली, त्यानं डिसेंबरात वाकून कांद्याची लागण केलेली नसणार. बायकांची बोटं वर्षभरात सगळ्यात वाईट असतात नेमकी तेव्हाच, 2024-25च्या ऐन हिवाळ्यात, आम्हाला अंगठा द्यायला बोलावलं. मुदत नंतर वाढली, परत वाढली. पण गावात दर वेळी हाकाटी तीच: या महिन्यात नाही केलं तर नाव कमी होणार.

आमचं घर नाशिक जिल्ह्यात, द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात. थंडी पडली की पेपरात निफाडचा पारा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. आमच्याकडेही फार वेगळं नसतं. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, आणि आम्ही त्याच वेळी गार पाण्यानं भांडी घासून शेताकडे निघालेल्या असतो. हातांचं काय होणार?

घरात कार्डावर सहा नावं. मी, हे, सासूबाई, दोन मुलं आणि चाकणला कंपनीत असलेला दीर. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, त्याला माणशी 5 किलो धान्य, म्हणजे महिन्याला 30 किलो गहू-तांदूळ, आणि 2023च्या जानेवारीपासून ते फुकट. बाजारातून घ्यायचं म्हटलं तर हजारभर रुपये कुठे गेले नाहीत. लोकांना वाटतं फुकटच्या धान्यासाठी काय एवढी धावपळ. मला विचाराल तर आमचा सगळा हिवाळा त्या हजारावर चालतो. गव्हाला पैसे द्यावे लागले नाहीत की तेच तीळ, गूळ, सुकं खोबरं, हलीव आणि मुलांच्या जादा दुधाला जातात. डिंकाचे लाडू आम्ही फक्त बाळंतिणीसाठी करतो, डिंक-बदामाचे भाव पाहता इतर कुणाला परवडत नाहीत. बाकीच्यांना शेंगदाणा-तीळ-गुळाचे, वरून सुंठ. रात्री आठवड्यातून एकदा तरी हुलग्याचे शेंगोळे, लसूण सढळ हातानं घालून. बाजरीची भाकरी तर रोजच. पोरांना सर्दी होतेच, पण असं खाल्ल्यावर ती लांबत नाही, एवढं मी सांगू शकते.

यांचा अंगठा पहिल्याच झटक्यात लागला, मोठ्या मुलीचाही लागला. माझं बोट बदलून निभावलं, ते कसं ते पुढे सांगते. अडलं ते सासूबाईंपाशी.

सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढे. सगळं आयुष्य कांदा, बाजरी आणि शेणात गेलेलं. बोटांच्या पुढच्या पेरावर रेषा म्हणून काही उरलेलंच नाही. दुकानदार म्हणायचा, "आजी, नीट दाबा." त्या म्हणायच्या, "दाबलंय रे बाबा, अजून किती दाबू?" मशीन लाल दिवा दाखवायचं. दुसरं बोट, तिसरं, डावा हात. मग त्याचं ठरलेलं वाक्य, "वहिनी, आधार अपडेट करून आणा, माझ्या हातात काही नाही." कधी सर्व्हर डाऊन, कधी रेंज नाही. दुकान दहाला उघडणार म्हणायचं, उघडायचं अकराला, आणि रांग मात्र आठपासून उघड्यावर. अशाच एका सकाळी त्यांना गारठा बाधला. कफ झाला, रात्रभर खोकला. घरचा काढा दिला, गवती चहा, आलं, मिरी, गूळ. पण छातीत घरघर लागल्यावर काढ्यावर थांबले नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं तपासणीही झाली आणि गोळ्याही मिळाल्या. म्हातारं माणूस थंडीत आधी दाखवायचं, बाकी सगळं नंतर. आणि रेशनला न्यायचंच असेल तर उन्हात, दुपारी बारानंतर न्या. बोटंही तेव्हा जरा मऊ असतात.

बऱ्या झाल्यावर त्यांना तालुक्याच्या गावी आधार केंद्रात नेलं. तिथं टोकन घेऊन अर्धा दिवस गेला. तेव्हाची 100 रुपये फी भरून दहाही बोटं आणि दोन्ही डोळे नव्यानं घेतले. मुलगा चांगला होता. म्हणाला, "ताई, आजींच्या बोटांचं काही खरं नाही, पण डोळे छान आलेत." मला वाटलं, चला, झालं काम. थोड्या दिवसांनी अपडेट झाल्याचा मेसेज आला. परत दुकानात गेलो, परत लाल दिवा. झिजलेली बोटं नव्यानं घेतली तरी झिजलेलीच येणार, हे उघड आहे.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "डोळे छान आलेत" हे वाक्य डोक्यात घोळत होतं. डोळे जर आधारला चालतात तर रेशनला का चालू नयेत? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "तसं काही नसतं." यांना म्हटलं तर हे म्हणाले, "जाऊ दे, पाच किलोसाठी किती फिरशील?" पण मी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलेच. तिथंही या टेबलावरून त्या टेबलावर झालं. एक साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्यांकडे तो विषय नाही. शेवटी एक क्लार्क बाई भेटल्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "अंगठ्याच्या नवीन पॉस मशीनबरोबर डोळा स्कॅन करायचं यंत्र दिलंय. दुकानदाराला म्हणावं, ते लाव." एवढंच! एवढंसं वाक्य ऐकायला आम्ही अख्खी थंडी रांगेत काढली.

दुसऱ्या दिवशी गेले तर दुकानदार आधी "नाही आलं", मग "आलंय, पण चालू केलं नाही", मग "चार्जर नाही". मी बारदानाच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हटलं, "दादा, मी काही घाईत नाही, भाकरी बांधून आणलीय." मागच्या बायका हसल्या, आणि मग एकेक जण बोलायला लागली. कुणाच्या सासऱ्याचं तसंच, कुणाच्या आईचं तसंच. शेवटी त्यानं वरच्या फळीवरून खोकं काढलं. सील तसंच होतं. कुणाला तरी फोन लावून वायर कुठे खुपसायची ते विचारून घेतलं, आणि यंत्र चालू झालं.

सासूबाईंना मुलानं स्कूटरवरून आणलं... म्हणजे माझ्या नाही, शेजारच्या काकूंच्या. चष्मा काढायचा, डोळा मोठा उघडायचा, यंत्र त्याच्यासमोर धरून पापणी हलवायची नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा काही घेईना. दुसरा घेतला. हिरवा दिवा! त्या विचारतात, "एवढंच होतं का?" त्या दुपारी गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची कामं झाली आणि दुकानदार मला अजून "या मॅडम" म्हणतो. म्हणू दे.

तुमच्याकडे अडत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: डोळ्याचं यंत्र कुठे आहे? "आधार अपडेट करा" हे उत्तर शेवटी ऐकायचं.

आता बोटांचं. अंगठाच लागतो असं काही नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. माझी उजव्या हाताची सगळी फुटलेली होती, डाव्या हाताच्या अनामिकेवर जमलं, कारण त्या बोटाला कामच कमी. आदल्या रात्री कोमट पाण्यात हात बुडवून, पुसून, कोकमाचं तेल लावायचं. वडी मिळते घट्ट, ती जरा गरम करायची. टाचांनाही हेच, स्वस्त पडतं आणि भेगा खरंच भरतात. पण सकाळी तेल अजिबात नको, काचेवर डाग पडतो आणि मशीन काहीच वाचत नाही. कोरडं ठणठणीत बोटही चालत नाही, रेषा काचेला नीट टेकत नाहीत. ओल्या फडक्याला बोट लावून पुसायचं, किंवा सरळ त्यावर तोंडाची वाफ सोडायची. काचही आधी पुसून घ्या, तिच्यावर अख्ख्या गावाचा हात लागलेला असतो.

हो, आणि लागण चालू असताना जायचंच नाही, आधीचे आठ दिवस हात जपले तर खूप फरक पडतो. ज्यांना जमेल त्यांनी अशी कामं दिवाळीच्या आतच उरकावी.

गरम पाण्याचंही सांगते, कारण हात त्यानंच वाचले. गॅसवर सहा जणांचं आंघोळीचं पाणी तापवलं तर सिलिंडर पंधरा दिवस टिकणार नाही. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्या पडून असतात, त्या वाळवून अंगणातल्या बंबाला. त्यांच्यावर औषध मारलेलं असतं म्हणून स्वयंपाकाच्या चुलीला त्या वापरत नाही, आणि मुलांना धुराजवळ बसू देत नाही. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपणारे अजून आहेत. ते कृपा करून करू नका, कोळशाच्या विषारी वायूनं झोपेत जीव जातो. त्यापेक्षा जुन्या लुगड्यांची एक गोधडी आणखी शिवा.

दिराचं काम सगळ्यात सोपं झालं. त्याला गावी यावंच लागलं नाही, केवायसी कुठल्याही रेशन दुकानात होते, त्यानं चाकणलाच केली. आता तर "मेरा ई-केवायसी" हे अ‍ॅप आहे. सोबत "आधार फेस आरडी" टाकायचं, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, मग चेहरा दाखवायचा. चेहरा उजेडाकडे ठेवायचा, कानटोपी काढायची. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर मात्र ते काही उपयोगाचं नाही.

धाकट्याचं वेगळंच. त्याचं आधार तान्हा असताना काढलेलं, त्यात बोटांचे ठसे नसतातच. पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात, आणि पाच ते सात वयात त्याची फी नाही. तो सहाचा, म्हणून एक पैसा लागला नाही. ठसे आधारवर चढेपर्यंत त्याचं नाव अडकून राहिलं आणि मध्ये एका महिन्याच्या पावतीवर 30 ऐवजी 25 किलो आलं. दुकानदारानं सांगितलं नव्हतं, मी पावती वाचली म्हणून कळलं. ठसे चढल्यावर त्याचंही बोट लागलं, पुढच्या पावतीपासून परत 30.