मुद्दलाची नोंद

नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अतिवापराविषयी लिहायला बसले की हात आपसूक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटाकडे वळतो. पुतळे ओढून नेण्याच्या नादात तिथल्या लोकांनी शेवटचे झाडही तोडले आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला, ही कथा मीही अनेकदा सांगितली आहे. आता सांगत नाही. बेटावरची ताडाची जंगले नाहीशी झाली हे खरे. पण माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी ताडाच्या बियाच कुरतडून संपवल्या, हेही त्यामागचे एक कारण मानले जाते. लोकसंख्येला खरा तडाखा बसला तो १८६२ पासून पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या धरपकडीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, तिथल्या जुन्या रहिवाशांच्या जनुकांच्या अभ्यासातही सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण सापडली नाही. शेवटचे झाड तोडणारा मूर्ख होता असे मानले की आपली सुटका होते, म्हणूनच बहुधा ती कथा इतकी लोकप्रिय झाली. मला त्याहून जास्त अस्वस्थ करतात ते समाज, ज्यांच्याकडे लेखनिक, मोजणीदार, कधी कधी तर शास्त्रज्ञही होते आणि तरीही ज्यांना मुद्दल संपत आल्याचे वेळेवर कळले नाही.

सुमेरचेच, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन नगरांच्या प्रदेशाचेच घ्या. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या दक्षिणेकडच्या सपाटीवर पाऊस इतका कमी पडतो की पाटाच्या पाण्यावाचून शेती होत नाही. नदीच्या पाण्यात थोडेसे क्षार असतातच. पाणी शेतात पसरते, काही पिकाला मिळते, काही उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. जमिनीला उतार नसल्यामुळे निचरा होत नाही, भूजल हळूहळू वर चढते आणि ते पृष्ठभागापासून हात-दोन हातांवर आले, की दिव्यातले तेल वातीने वर चढावे तसे मातीच्या बारीक छिद्रांतून खारे पाणी वर येऊ लागते. मग एखाद्या उन्हाळ्यात शेताच्या सखल कोपऱ्यात मीठ फुटते, पायाखाली कुरकुरणारा एक पांढुरका पापुद्रा दिसतो आणि तिथे पेरलेला गहू पिवळा पडून खुरटतो. सातूला खारेपणा जास्त सोसतो, म्हणून तिथे सातू पेरला जातो.

थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली मातीच्या पाट्यांवरच्या नोंदींतून हाच प्रवास मांडला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे इ.स.पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि सातू जवळजवळ सारखेच पिकत होते, इ.स.पू. २५०० पर्यंत गहू एकूण पिकाच्या सहाव्या हिश्श्यावर आला आणि इ.स.पू. १७०० च्या सुमारास दक्षिणेतून दिसेनासा झाला. पिकाच्या उताऱ्याच्या त्यांच्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आणि सुमेरच्या ऱ्हासाचे सारे खापर मिठावर फोडणे मलाही पटत नाही. मला महत्त्वाची वाटते ती नोंदींची पद्धत. देवस्थानांच्या मोजणीदारांनी खारवट तुकड्यांची नोंद केली होती. लेखनिक बियाणे किती गेले आणि धान्य किती आले हे लिहीत होते. खालून वर येणारे पाणी मात्र कोणत्याच पाटीवर नव्हते. लगश आणि उम्मा या नगरांमध्ये पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालले होते. अखेर लगशचा राजा एंतेमेना याने तैग्रिसमधून पाणी आणले आणि पाण्याची चणचण मिटली. जेकबसेन-ॲडम्स यांच्या मते भूजल वर चढण्याला तिथूनच जोर आला.

यावर उपाय नव्हता असेही नाही. त्या प्रदेशातले शेतकरी जमीन एक वर्षाआड पडीक ठेवत. त्या काळात तिथे जवासा आणि शमीच्या कुळातले एक काटेरी झुडूप उगवते. त्यांची मुळे खोलवरचा ओलावा शोषून घेतात आणि वरचा थर कोरडा राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती रिकामी, तण माजलेली जमीन दिसते. अशा जमिनीवर सारा वाढवू पाहणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा पडतो, आणि पडीक वर्ष एकदा गाळले की पुढची दोन-चार पिके चांगलीच येतात.

कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची गोष्ट वाचताना तर हसावे की रडावे हे कळत नाही, कारण इथे मोजणारे आधुनिक होते. १९६८ साली या साठ्यातून आठ लाख टनांहून अधिक मासळी उपसली गेली, त्यातली बहुतेक परदेशी ट्रॉलरनी, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या मोठ्या जहाजांनी. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत हक्क लागू करून परक्यांना बाहेर काढले आणि त्यांच्या जागी स्वतःचे ट्रॉलर आणले. साठा किती उरला याचा अंदाज दोन गोष्टींवरून बांधला जाई: संशोधन-जहाजांची पाहणी आणि ट्रॉलरना दर तासाला मिळणारी मासळी. दुसरा आकडा भरघोस राहिला. कॉड कमी होतो तेव्हा उरलेला मासा विखरून न राहता गोळा होतो, आणि ध्वनिलहरींनी मासा हुडकणारे यंत्र जहाजावर असले की ट्रॉलर नेमका त्या घोळक्यावर जाऊन पोचतो. समुद्र रिकामा होत असतानाही जाळे भरूनच वर येते. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणारे मात्र मासा कमी झाला आहे, लहान झाला आहे, असे ऐंशीच्या दशकात ओरडून सांगत होते. त्यांचे म्हणणे शास्त्रीय पुरावा ठरले नाही. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती; व्यापारी मासेमारीवरची ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

नाऊरूविषयी फार लिहीत नाही. २१ चौरस किलोमीटरच्या त्या बेटावरचे फॉस्फेट संपणार हे सर्वांना ठाऊक होते, त्यासाठी निधीही बाजूला काढला होता. तो निधी नाही नाही त्या गुंतवणुकींत, लंडनमधल्या एका आपटलेल्या संगीतनाटकातसुद्धा, विरून गेला.

उभे मुद्दल मोजल्याचे उदाहरण हवे असेल तर सतराव्या शतकातल्या जपानकडे पाहावे. किल्ले, देवळे आणि शहरे बांधण्यासाठी डोंगर उघडे पडले होते. १६५७ च्या आगीत एडो (आजचे टोकियो) शहराचा मोठा भाग जळाला आणि पुन्हा लाकडाची मागणी उसळली. १६६६ च्या फर्मानाने झाडे-गवत मुळासकट उपटायला मनाई केली आणि नदीकाठच्या बोडक्या जागी रोपे लावायला सांगितले. अनेक संस्थानांनी उभ्या झाडांच्या नोंदवह्या ठेवल्या. किसोच्या खोऱ्यात पाच जातींची झाडे तोडायला बंदी होती, आणि हिनोकीच्या एका झाडाला एक मुंडके, अशी म्हण तिथे आजही सांगितली जाते. ही व्यवस्था सौम्य नव्हती; डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाच सरपणासाठी मिनतवाऱ्या कराव्या लागल्या. तरीही जंगल वाचले.

मात्र या हिशेबाचीही एक बाजू सहसा सांगितली जात नाही. जपानी शेतीला लागणाऱ्या खताचा भार पुढे समुद्रावर गेला. उत्तरेकडच्या एझोच्या, म्हणजे आजच्या होक्काइडोच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा कढयांत उकळून, दाबून, वाळवला जाई आणि त्याची पेंड जहाजांनी दक्षिणेच्या शेतांवर पोचे. १८९७ साली तिथे नऊ लाख टनांहून अधिक हेरिंग पकडला गेला. १९५० च्या दशकात तो किनाऱ्याकडे यायचा जवळजवळ थांबला.