डॉर्टमुंडमध्ये चढणारे आणि मोहोळमध्ये पडणारे व्होल्टेज

सोलापूर जिल्ह्यात व्होल्टेजची तक्रार म्हणजे ते पडण्याची तक्रार. जर्मनीतील डॉर्टमुंडमध्ये मी ज्या संशोधन गटात काम करतो, तिथे मात्र बहुतेक खटपट ते चढू नये यासाठी चालते. मे-जूनच्या लख्ख दुपारी छपराछपरावरची सौर पॅनेल वीज तयार करीत असतात, घरात वापर नसतो, आणि ती वीज तारेतून उलट डीपीकडे निघाली की लाइनच्या शेवटच्या घरी व्होल्टेज वाढते. इथे 230 व्होल्टच्या वर-खाली दहा टक्के, म्हणजे 207 ते 253 व्होल्ट, चालते. दहा मिनिटांची सरासरी 253च्या वर गेली की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज एसी करून तारेत सोडणारे यंत्र, स्वतःहून बंद होतो आणि ऐन उन्हात त्या घराची निर्मिती वाया जाते.

हे आवरण्याची साधने मोजकी आहेत. इन्व्हर्टर थोडी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) शोषून व्होल्टेज खाली आणू शकतो, पण घरगुती लाइनच्या तारांत रोधाचा भाग मोठा असल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहतो. काही ठिकाणी चालू लोडवर टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची ट्रान्सफॉर्मरवरची पायरी) बदलणारे ट्रान्सफॉर्मर बसवले आहेत. आपल्याकडील डीपीचा टॅप मात्र वीज बंद करूनच बदलावा लागतो. चालू लोडवर बदलणाऱ्या टॅपचेही संपर्क झिजतात, त्यामुळे तो दर मिनिटाला हलवता येत नाही. शेकडो इन्व्हर्टर आणि टॅप यांचा एकत्रित सर्वोत्तम मेळ गणिताने काढता येतो, परंतु त्याला वेळ लागतो आणि ढग तर काही सेकंदांत सरकतो.

इथे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम, उपयोगी पडते. उन्हाच्या आणि वापराच्या हजारो स्थिती संगणकावर आधीच सोडवून ठेवायच्या आणि त्या उत्तरांवर नेटवर्कला शिकवायचे. मग प्रत्यक्ष वेळी फक्त गुणाकार-बेरजा उरतात आणि उत्तर काही मिलिसेकंदांत मिळते. कासेल विद्यापीठ आणि फ्राउनहोफर संस्था यांनी तयार केलेले पांडापॉवर हे मुक्त सॉफ्टवेअर अशा गणितासाठी वापरता येते, आणि सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर हाताळावे, असे मला मनापासून वाटते.

आता मोहोळ तालुक्यातील आमच्या काकांचे शेत पाहा. स्टार्टरच्या पेटीवरचा काटा 415च्या ऐवजी 340वर थरथरत असतो, मोटर नुसती घुमते, आणि काका म्हणतात, "पाणी उचलंना बघ." मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, 340ला तो जेमतेम दोन तृतीयांश उरतो, मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी रिवाइंडिंगला जाते. त्यात शेतीच्या फीडरला वीज पाळीने मिळते. ती आली रे आली की ऑटो-स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट घेत असल्याने पहिल्याच मिनिटात व्होल्टेज बसते. ऑटो-स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, आणि ते अगदी योग्य आहे. मोटारी क्रमाक्रमाने सुरू केल्या तरी पुष्कळ फरक पडेल, आणि त्यासाठी न्यूरल नेटवर्कची गरजही नाही.

पण चित्र बदलत आहे. फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज देण्याचे काम चालू आहे. म्हणजे दुपारी चढणारे आणि मोटारी सुरू होताच पडणारे व्होल्टेज एकाच जिल्ह्यात, कधी एकाच सबस्टेशनवर, सांभाळावे लागेल. तिथे झटपट निर्णय घेणारे नियंत्रण खरोखर कामाचे ठरेल, अशी माझी खात्री आहे.

त्याआधी मोजमाप हवे. जर्मनीतही बहुतेक डीपींच्या पुढे काय चालले आहे हे कळत नसे, आणि स्मार्ट मीटर बसवण्याचे काम इथेही रेंगाळलेले आहे. कोणते घर कोणत्या फेजवर आहे आणि लाइनच्या शेवटी दुपारी दोन वाजता किती व्होल्ट असतात, याची नोंदच नसेल तर नेटवर्कला शिकवायचे काय? दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. एखादा फेज गेला किंवा फीडर दुसऱ्या सबस्टेशनवरून चालू केला, तर ती स्थिती नेटवर्कने कधी पाहिलेली नसते आणि तरीही ते ठामपणे उत्तर देते. म्हणून त्याचा प्रत्येक आदेश साध्या नियमांच्या मर्यादेत तपासूनच पुढे पाठवावा, आणि इन्व्हर्टरचे व फीडरचे मूळ संरक्षण कधीही त्याच्या हाती देऊ नये.

आणि जिथे तार बारीक आणि डीपी लांब आहे, तिथे कोणतेही नियंत्रण व्होल्टेज पुरेसे वर आणू शकत नाही. तिथे 11 केव्हीची लाइन शेतापर्यंत नेऊन एक-दोन शेतकऱ्यांना छोटा स्वतंत्र डीपी द्यावा लागतो; एचव्हीडीएस या नावाने महाराष्ट्रात 2018पासून शेतीपंपांना अशा जोडण्या दिल्या गेल्या आहेत. मोहोळच्या त्या शेताला आधी तेच हवे, असे मी काकांना कळवले आहे.