आमची वाटचाल : पंढरपुरातलं एक मेडिकल

पंढरपुरात मेडिकल आहे म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे हमखास म्हणतात, तुमचं काय बाई, आषाढीला लाखो माणसं येतात, वर्षाची कमाई आठ दिवसांत होत असेल. लॉजवाल्यांचं, प्रसादाच्या दुकानांचं मला माहीत नाही पण मेडिकलचा हिशोब असा नसतो, आणि आज दुकान जे काही उभं आहे ते वारीमुळे कमी आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बीपी-शुगरच्या म्हाताऱ्यांमुळे जास्त आहे.

मी डी. फार्मसी, म्हणजे औषधशास्त्राचा डिप्लोमा. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासऱ्यांना वाटायचं सुनेनं कुठेतरी हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये नोकरी करावी, मला वाटायचं स्वतःचं काढावं. शेवटी २०११ मध्ये प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बाजूला एक गाळा भाड्यानं घेतला. रिटेलच्या लायसन्सला कमीत कमी दहा स्क्वेअर मीटर जागा लागते, म्हणजे १०८ स्क्वेअर फुटाच्या आसपास, आमचा गाळा त्याच्यापेक्षा जेमतेम थोडा मोठा होता. फ्रीज, रॅक, काउंटर आणि एक स्टूल एवढं बसलं की संपलं. फॉर्म २० आणि २१ ची लायसन्स भिंतीवर लावली, उदबत्ती ओवाळली, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त काय खपलं असेल तर लहान मुलांचे डायपर.

लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून एकटं माझंच नाव. कायदा सरळ आहे, रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध दिलं गेलं पाहिजे. तेव्हा राज्यात या गोष्टीवर चांगलीच कडक तपासणी सुरू झाली होती, फार्मासिस्ट जागेवर नाही म्हणून लायसन्स सस्पेंड होत होती आणि आमच्यातलेच बरेच दुकानदार चिडले होते. मी मात्र खूश होते खरं सांगायचं तर, कारण दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्यानं लावून चालवलेल्या दुकानांशी माझी स्पर्धा होती. पण हीच गोष्ट माझ्यावर पण उलटायची ना, मी आजारी पडले की शटर खाली, माहेरी गेले की शटर खाली. मिस्टर दिवसभर गल्ल्यावर बसले तरी औषध देऊ शकत नाहीत. मुलगी होणार होती तेव्हा पगारावर दुसरी फार्मासिस्ट ठेवली आणि ती अजून आहे. नफ्याचा मोठा वाटा तिच्या पगारात जातो असं मिस्टर म्हणतात, मी म्हणते तिच्यामुळे दुकान उघडं राहतं.

आता मार्जिनचं. सरकारनं ज्यांचे भाव बांधलेत त्या औषधांवर रिटेलरला १६ टक्के, बाकीच्यांवर रिवाजानं २० टक्के. त्यातून भाडं, पगार, लाईटबिल, इन्व्हर्टरची बॅटरी जाते, कारण इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीतच राहिलं पाहिजे आणि इकडे लाईट कधी जाईल नेम नाही. राहिलेल्यातून एक्सपायरी, म्हणजे मुदत संपलेला माल खातो. स्टॉकिस्टचा, म्हणजे आम्हाला माल देणाऱ्या होलसेलरचा माणूस दहावर एक फ्री, वीसवर तीन फ्री अशी स्कीम घेऊन येतो, ऐकायला गोड वाटतं, पण त्या गोळीचं गिऱ्हाईक महिन्याला दोनच असेल तर फ्रीमधली पाकिटं वर्षभरानं तुमच्याच उशाला येतात. एक्सपायरी परत घ्यायची पण कंपन्यांची ठराविक मुदत असते, ती चुकली की क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाचे पैसे, विसरायची. म्हणून आमच्याकडे नियमच आहे की स्कीम बघून माल भरायचा नाही, शॉर्टबुक, म्हणजे संपत आलेल्या मालाची वही, बघून भरायचा. मेडिकल हा खरेदीचा धंदा आहे, विक्री काय, डॉक्टरांची चिठ्ठी आली की होतेच.

आणि वारीत नेमकं हेच अवघड होतं. आषाढीच्या आधी पंधरा दिवस भरून ठेवावं लागतं, क्रेप बँडेज, कापूस, चिकटपट्टी, दुखण्याचं मलम, पॅरासिटामॉल, पावसात ओलं राहून मांड्या-काखांत खाज येते त्याची पावडर आणि क्रीम, ओआरएस, गुडघ्याचे पट्टे. स्टॉकिस्टचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, वारी संपल्यावर उरलेला माल काही तो परत घेत नाही, आणि पाऊस कमी असेल तर पावडर पडून, जास्त असेल तर दोन दिवसांत संपते आणि सोलापूरहून गाडी शहरात शिरू शकत नाही. विक्री होते, नाही असं नाही. पण दहा-वीस रुपयांची पावती, तीही शंभर माणसं रांगेत असताना.

वारकरी माऊली येतात ना, अर्ध्या जणांकडे चिठ्ठी नसते, गोळ्यांचं रिकामं पाकीट असतं. नांदेडकडचे, बुलढाण्याकडचे, तिकडे चालणारा ब्रँड आमच्याकडे नसतो. घटक तोच आहे हे मला दिसतं, पण शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही अशा औषधात चिठ्ठीवर लिहिलेलं सोडून दुसरा ब्रँड आम्ही आपल्या मनानं देऊ शकत नाही, आणि इथे तर चिठ्ठीच नाही. मग रिकामं पाकीट हातात देऊन सरकारी तंबूतल्या डॉक्टरांकडे पाठवते, तिथून लिहून आणा म्हणते. काही चिडतात, अहो ताई तीन आठवडे चालत आलोय आणि तुम्ही परत चालायला लावताय. बरोबर आहे त्यांचं. पण बीपीची गोळी आहे ती, चणे-फुटाणे नाहीत.

ओआरएसवरून, म्हणजे जुलाब-उलटीत द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीवरून तर दरवर्षी वाद. लोकांना टेट्रापॅकमधलं गोड पेय पाहिजे असायचं, नावात ओआरएस असायचं म्हणून. मी पुडीच काढून द्यायची, एक लिटर पाण्यात एक अख्खी पुडी, अर्ध्या ग्लासात टाकायची नाही, हे दिवसातून कितीदा सांगायचे मोजलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांना नावात ओआरएस वापरायला बंदी घातली तेव्हा मिस्टरांना पेढे आणायला लावले मी.

२०२० ला खरं काय ते कळलं. १७ मार्चला मंदिर बंद झालं, आषाढीला पालख्या चालत नाही तर पादुका एसटीनं आल्या, गावात संचारबंदी. वारीवर जगणारं गाव अख्खं बसलं होतं. आमचं दुकान अत्यावश्यक म्हणून उघडं, आणि वही बघितली तर वारीचा माल सोडून बाकी विक्री कमी झालीच नव्हती. शुगरची गोळी, थायरॉईडची गोळी, दम्याचा पंप, हे मंदिर बंद असलं तरी लागतंच. उलट सोलापूर-पुण्याला दाखवणारे पेशंट जाऊ शकत नव्हते, ते फोटो पाठवायचे आणि आम्ही मिळेल तिथून औषध मागवून द्यायचो. त्याच वर्षी दर महिन्याच्या पेशंटची वेगळी वही केली, कोणाची गोळी कधी संपते, कोणता ब्रँड, संपायच्या दोन दिवस आधी फोन. आता ते सॉफ्टवेअरमध्ये आहे पण फोन अजून मीच करते, कारण सॉफ्टवेअरला कोणी सांगत नाही की गोळी महिनाभर घेतलीच नाही.

उधारी आहेच. आमच्या तालुक्यात उधारीचं कॅलेंडर साखर कारखान्यावर चालतं, ऊसाचं बिल आलं की देतो ताई. बिल लांबलं की आमचा चेक लांबतो. ओळखीच्या माणसाला इन्सुलिन नाही म्हणता येत नाही, कॉस्मेटिकला मात्र मी सरळ नाही म्हणते.

मधल्या काळात वीस टक्के डिस्काउंटचे बोर्ड आले. ज्याला मिळतातच वीस टक्के तो वीस टक्के कसा सोडतो हा प्रश्न गिऱ्हाईकांनी विचारायला पाहिजे. मोठ्या चेन थेट मोठी खरेदी करतात, त्यांना परवडत असेल. पण काही ठिकाणी ज्या ब्रँडवर छापील किंमत खरेदीच्या कितीतरी पट असते तोच पुढे करतात आणि त्यावर सूट दाखवतात. आम्ही महिन्याच्या पेशंटला थोडी सूट देतो, बोर्ड लावला नाही. काही गिऱ्हाईकं गेली, त्यातली काही दोन औषधं तिकडे मिळाली नाहीत म्हणून परत आली.

२२ सप्टेंबर २०२५ ला बऱ्याच औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा पाकिटावर जुना भाव आणि बिलात नवीन कमी भाव, म्हाताऱ्यांना वाटायचं आम्हीच काहीतरी घोळ केलाय, कमी घेतोय तरी संशय.

सध्या घरात होलसेलचं लायसन्स काढायचं का यावर चर्चा चालू आहे. रिटेल आणि होलसेल दोन्ही एका जागेत करायचं तर पंधरा स्क्वेअर मीटर लागतात. मागची खोली मालक द्यायला तयार आहेत, पण डिपॉझिट वारीच्या आधी मागतायत, आणि तेव्हाच तर आमचे सगळे पैसे क्रेप बँडेजमध्ये अडकलेले असतात.