उणे २६ मधली चिकाडी

मंगळवार, जानेवारी

सकाळी सातला पारा उणे २६. अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीत हे नवं नाही, तरी आज खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ धरला होता. पुरतं उजाडायच्या आत कार्डिनल पक्ष्यांची जोडी अंगणातल्या दाण्यांच्या फीडरवर हजर. सगळ्यांच्या आधी हीच येतात आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मागून जातात. नर लालभडक, मादी तपकिरी.

माझा जीव मात्र चिकाडी या इवल्याशा पक्ष्यात अडकलेला. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. ती फीडरवर बसून खात नाही. सूर्यफुलाचं एक काळं बी उचलते, लायलॅकच्या फांदीवर जाते, बी पायांत घट्ट दाबून धरते आणि चोचीने ठोकत टरफल फोडते. मग पुढच्या दाण्यासाठी पुन्हा फेरी. काही बिया खातच नाही, झाडाच्या सालीत खोचून ठेवते. कुठे ठेवल्या, तेही तिच्या लक्षात राहतं.

तिची रात्र कशी जाते हे वाचल्यापासून मी थक्क आहे. दिवसभर खाऊन अंगावर चढवलेली चरबी रात्रभर कुडकुडत जाळायची. ती पुरावी म्हणून शरीराचं तापमानच दहा-बारा अंशांनी उतरवायचं. सकाळी साठा जवळपास संपलेला असतो. विस्कॉन्सिनमधल्या एका अभ्यासात दिसलं, की फीडर असलेल्या भागातल्या चिकाड्या कडाक्याच्या थंडीत जास्त तगल्या, पण त्यांचं बहुतेक खाणं तरीही रानातलंच होतं. म्हणून ‘पक्ष्यांना आयत्याची सवय लागते’ हे मला पटत नाही.

सुतार पक्ष्यासाठी लावतो ती सुएटची वडी गाईच्या चरबीची. हात लावताना मन का-कू करतं, पण अशा थंडीत त्याला तिचा फार आधार असतो. म्हणून लावते.

शेजारीण चिमण्यांवर वैतागते. १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये माणसांनीच त्या आणून सोडल्या आणि आता त्या इथल्या ब्लूबर्ड पक्ष्यांची घरटी बळकावतात. तिचं म्हणणं खरंच आहे. पण ही आपल्याकडचीच चिमणी. आजी ओटीवर भाताच्या लोंब्या टांगायची, त्या हिच्यासाठीच. माझ्याने तिला हाकलवत नाही. खाली सांडलेलं टिपतेय, टिपू दे.

आज रात्री पारा उणे ३० पर्यंत उतरेल म्हणतात. अंधारायच्या आत फीडर काठोकाठ भरला, झाकणावरचा बर्फ खरवडून काढला. बियांची पिशवी तळाला आलीय. उद्या आणायची, पण मिश्र दाण्यांची नको. त्यातली लाल ज्वारी आमच्या अंगणात तशीच पडून राहते, चिकाडी तर तिला शिवतही नाही. नुसतं काळं सूर्यफूलच आणायचं, आणि या वेळी मोठी पिशवी.